एकोणतीस काळी बोटं

पोटनिवडणुकीला मतदार येत नाहीत, असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं, ते येत नाहीत कारण त्यांना कुणी पद्धतशीर आणत नाही. मी आणणार होते. अठ्ठावीस विद्यार्थी आणि मी, मतदान शंभर टक्के. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चौथ्या दशांशापर्यंत वजन करते. माझ्या हातून चुका होत नाहीत!

झालं असं, की आमचे आमदार आणखी मोठ्या पदावर गेले आणि विधानसभेतली जागा रिकामी झाली. गेल्या खेपेला एकोणीस मतांनी पडलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई पुन्हा उभ्या राहिल्या. मी त्यांना वहिनी म्हणते.

"या वेळी पडले तर राजकारण बंद," त्यांनी जाहीर केलं. "मग पूर्ण वेळ घराकडेच बघणार."

हे ऐकून घरातले सगळे झटून प्रचाराला लागले. वहिनी घराकडे बघतात म्हणजे शाळेवर इन्स्पेक्टर यावा तशा. एकदा नुसत्या रविवारी सवड मिळाली तर त्यांनी माझे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले होते. साखर आठवडाभर सापडली नाही! वहिनी निवडून येणं ही माझी वैयक्तिक गरज होती.

"अगं, तुझी मुलं मलाच देणार," त्या म्हणाल्या. "वसतिगृहाचं पाणी कुणी आणलं? तू फक्त त्यांना केंद्रावर आण."

"आणते. पण कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही हं."

"तू कशाला सांगतेस? नळ सांगेल!"

मतदानाच्या दिवशी सुट्टी. म्हणून त्या दिवशीचं प्रॅक्टिकल मी आदल्या दिवशी उरकलं. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली उभी काचेची नळी. तोटी डाव्या हाताने फिरवायची, उजव्याने फ्लास्क हलवायचा, यावर माझा कटाक्ष असतो. आमच्या तोट्या म्हाताऱ्या, सगळ्या गळतात. अठ्ठावीसही तोट्या मी स्वतः आवळून दिल्या. द्रावण पाण्यासारखं दिसतं. उजेडात मात्र त्याचे डाग काळे पडत जातात, हे मी गेली सोळा वर्षं शिकवते आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना रिक्षाने न नेता भर उन्हातून चालत नेलं. व्यायाम होतो! उरलीसुरली प्रक्रिया रस्त्यात पूर्ण झाली.

केंद्राध्यक्ष एरवी गुरांचे डॉक्टर. त्यांनी माझा डावा हात उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता दात बघतात.

"मॅडम, तुमचं मतदान झालंय."

"नाही झालं."

"मग हे बोट?"

"सिल्व्हर नायट्रेट."

"आमच्या शाईतही तेच असतं."

"हो ना!" मी आनंदाने म्हणाले. विषय समजणारा माणूस भेटला की मला राहवत नाही.

एवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, माझंही बोट काळं आहे." "माझंपण!" "माझी तर तीन आहेत!" अठ्ठावीस हात वर. वर्गात प्रश्न विचारल्यावर कधी एवढे हात वर झाले नव्हते.

समोरच्या उमेदवाराचे एजंट एरवी विमा विकतात. ते खुर्चीतून उडालेच. "टोळी! बोगस मतदारांची टोळी! आणि या बाई कोण माहिताय का? उमेदवाराच्या सख्ख्या जाऊ!"

"अहो, डाग आहे नुसता," मी शांतपणे म्हणाले. "लॅबमधून रसायनांच्या दोन बाटल्या आणू द्या, पाच मिनिटांत घालवून दाखवते."

केंद्राध्यक्षांनी शाईची बाटली आपल्याकडे ओढून घेतली. मग एजंट हळूच म्हणाले, "साहेब, बाईंना शाई घालवताही येते."

"मॅडम, तुम्ही आता बोलू नका," एक विद्यार्थिनी माझ्या कानात पुटपुटली.

वरचे अधिकारी तीन वाजता आले. यादी तपासली. आमच्यापैकी एकाच्याही नावापुढे खूण नव्हती. निकाल लागला: मुलांना मत देऊ द्या, शाई डाव्या करंगळीला लावा. मॅडमनी मात्र आधी लेखी खुलासा द्यावा.

मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. खुलासा करायचा तर नीट करावा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. समीकरण लिहिलं, संतुलित केलं. गळक्या तोटीची आकृती काढली, तिला नावं दिली. पाचवं पान संपवून मी उठले आणि मत द्यायला पुढे झाले.

डॉक्टरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच वाजून चार मिनिटं.

"अहो, पण मी पाचच्या आधीपासून इथेच आहे!"

"पाचला जो रांगेत, त्याला मत. तुम्ही टेबलावर होता." मग त्यांनी माझा खुलासा चाळला. "आकृती सुरेख आहे हो."

तीन दिवसांनी मतमोजणी झाली, निकाल लागला. वहिनी एका मताने पडल्या.

संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात सुतकी चेहऱ्याने बसले होते. वहिनींनी प्रत्येकाचं बोट तपासलं. माझ्यापाशी आल्या, माझा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. "बघा! हिचं बोट सगळ्यांत काळं. हिने मनापासून दिलंय मत! आता मी घरीच आहे. उद्या सुरुवात तुझ्याच स्वयंपाकघरापासून करते."

मी हात हळूच सोडवून घेतला. पण हिशेब मनात पक्का आहे: माझं मत पडलं असतं तर फक्त बरोबरी झाली असती, मग चिठ्ठी टाकली असती. म्हणजे वहिनींच्या पराभवात माझा वाटा पन्नास टक्केच येतो!