बेरिलने भरवलेला पूर

"दुपारच्या भरतीला नदी भिंतीवरून आत येणार," बेरिल कॉकवेलने चहाच्या सुट्टीत जाहीर केलं आणि बिस्किट बुडवलं.

इंग्लंडातल्या हंबर नदीच्या मुखाशी असलेल्या त्या कस्टर्ड पावडरच्या कारखान्यात ती कालच पूररक्षक झाली होती. आज विमा कंपनीच्या मिसेस प्रॉक्टर पाहणीला येणार होत्या. त्यांनी पुराचा विमा नाकारला, की मालक कारखाना उचलून लीड्सला नेणार आणि इथल्या सगळ्यांच्या नोकऱ्या बुडणार, हे उघड होतं.

"कशावरून येणार?" पॅकिंगच्या डेस्मंडने विचारलं.

"भरतीच्या तक्त्यात सात मीटरच्या वर आकडा आहे. नकाशात आपल्या भिंतीचा माथा सहावर. वजाबाकी येते ना तुला?"

"अगं, पण मागच्या पंधरवड्यातही सातच असेल की."

"तेव्हा मी पूररक्षक नव्हते."

मग काय, कारखाना नुसता पळत सुटला. पावडरची पोती वरच्या मजल्यावर गेली. मॅनेजर ऑडलिंगसाहेब स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन जिना चढले. फाटकात पाणी अडवणाऱ्या पूरफळ्या घट्ट बसल्या. नदीचं पाणी गटारातून उलटं शिरायला नको, म्हणून बेरिलने गटाराची झडप स्वतःच्या हाताने आवळली.

एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. विमावाल्या बाईंसमोर सगळं लखलखीत दिसावं म्हणून साहेबांनी कस्टर्डच्या टाक्या धुवायला सांगितल्या होत्या. पाऊसही सकाळपासून लागलेलाच. त्या पाण्याला जायला वाटच उरली नव्हती.

"बेरिल, अंगणात पाणी आलं गं," खालून डेस्मंड ओरडला.

"म्हटलं नव्हतं मी?"

"पण हे पिवळं आहे. आणि व्हॅनिलाचा वास मारतंय."

डेस्मंड शिडी लावून भिंतीवर चढला. नदी माथ्यापासून कितीतरी खाली निवांत वाहत होती. त्याने तिथूनच बंदराच्या कचेरीला फोन लावला आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळत गेला.

"बाई गं, तक्ता मोजतात सगळ्यात खोल ओहोटीपासून, आणि भिंत समुद्राच्या सरासरी पातळीपासून. तू एकाला तळघरातून मोजलंस, दुसऱ्याला पहिल्या मजल्यावरून."

बेरिलचे कान लाल झाले. पण ती डगमगली नाही. "मग झडप उघडते. जाईल पाणी."

"आता? भरती चढलीय. नदी अंगणापेक्षा वर आहे. उघडलीस तर खरोखरीच आत येईल."

म्हणजे ओहोटी लागेपर्यंत पोटरीभर कस्टर्डात उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नेमक्या त्याच वेळी फाटकाबाहेर एक छोटी गाडी थांबली आणि मिसेस प्रॉक्टर उतरल्या. पूरफळ्यांवरून वाकून त्यांनी आतलं पिवळं तळं पाहिलं. साहेब खिडकीमागे लपले. बेरिल पाणी तुडवत फाटकापाशी गेली.

"नदी आलेली नाही, मॅडम," ती म्हणाली. "हे पाणी मीच साठवलंय."

मिसेस प्रॉक्टर बराच वेळ फळ्यांचे सांधे न्याहाळत राहिल्या. बाहेरच्या बाजूला पिवळा थेंबसुद्धा नव्हता.

"सगळे नुसतं सांगतात, फळ्या पाणी धरतात म्हणून," त्या म्हणाल्या. "भरून दाखवणाऱ्या तुम्हीच पहिल्या. आणि रंग घातलात, म्हणजे गळती असती तर लगेच दिसली असती. माल?"

"सगळा वर. कोरडा."

"उत्तम. विमा चालू ठेवायला माझी हरकत नाही. अट एवढीच, ही चाचणी दरवर्षी अशीच व्हायला हवी."

मागे डेस्मंडने कपाळाला हात लावला. बेरिलने मात्र पाण्याकडे एकदा जाणत्या नजरेने पाहिलं.

"पुढच्या वेळी चॉकलेटचं करू, मॅडम," ती म्हणाली. "जास्त उठून दिसेल."