धूर कुठे जातो?

राजन सहस्रबुद्धे यांनी तळघरात लाकडाची शेगडी बसवली, ती निव्वळ पितृभक्तीपोटी. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी कंपनीने दिलेल्या त्या व्हिलात उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून जे जे केलेले होते, ते ते हिवाळ्यात अंगावर उलटे. जाड भिंती, उंच छत आणि पायाखाली संगमरवर. डोंगरावरून वारा उतरू लागला, की आप्पा गुडघ्यांवर शाल घेऊन बसत आणि शांतपणे म्हणत, "राजन, मला परत पाठव. ही फरशी माणसाचा प्राण तळव्यांतून ओढून घेते."

परत म्हणजे साताऱ्याच्या फ्लॅटवर. आई गेल्यानंतर तेथे आप्पांशी बोलणारे कोणी उरले नव्हते. दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून जाई. आप्पांनी पुन्हा त्या एकांतात जावे हे राजनच्या मनाला मुळीच पटत नव्हते. विजेचा हीटर आणून पाहिला, तर आप्पा म्हणाले, "या तांबड्या तारांपुढे बसले की ऊब मिळत नाही, उलटतपासणी चालल्यासारखे वाटते. अग्नी म्हणजे लाकडाचा."

मग दुबईतल्या रास अल खोरच्या एका वर्कशॉपातून तेलाच्या पिंपाची शेगडी बनून आली आणि जबल अलीच्या गोदामातून मोडक्या पॅलेट्सची फळकुटे आली. प्रश्न उरला धुराड्याचा. तळघराच्या भिंतीत, जाळीमागे, एक वाटोळे भोक होते. राजनने त्याच्यापुढे उदबत्ती धरली. धुराची रेघ वळली आणि कोणी घोट घ्यावा तशी आत गेली.

"ड्राफ्ट आहे, हवा ओढली जाते," इंजिनियरच्या समाधानाने तो म्हणाला.

"अहो, पण ते भोक जातं कुठं?" अनुराधाने विचारले.

"वर जातं. धूर वरच जातो, अनुराधा. फिजिक्स आहे ते."

सूर्य डोंगराआड जाताना शेगडी पेटली. आप्पांनी ज्वाळांना हात जोडले. पाहता पाहता ऊब जिन्याने वर चढली आणि त्यांनी पायांतले मोजे काढले. राजन कृतार्थ झाला. एवढ्यात धुराचा फोटो काढायला गच्चीवर गेलेली अवनी खाली आली.

"बाबा, देअर इज नो स्मोक अप देअर. नथिंग."

राजन स्वतः वर गेला. डोंगर काळे पडले होते. आकाश निरभ्र होते. पायाखाली, दोन मजले खोल, आग घुमत होती आणि वर धुराचा एक तंतूही नव्हता. धूर भिंतीत शिरत होता आणि तेथेच कोणीतरी तो ठेवून घेत होते. ही गोष्ट फिजिक्समध्ये नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेगडी बोलू लागली.

प्रथम एक खोल गुणगुण आली. नळीतून, जणू पृथ्वीच्या पोटातून, कोणीतरी संथ लयीत काही म्हणत होते. शब्द अनोळखी, स्वर मात्र विलक्षण गंभीर. अनुराधा जिन्यातच थबकली. "अहो, आत्ताच्या आत्ता बंद करा ते."

"अग्नी बोलतो आहे, की अग्नीच्या आडून दुसरे कोणी, हे पाहिले पाहिजे," आप्पा म्हणाले. त्यांनी पद्मासन घातले आणि खड्या आवाजात स्तोत्र सुरू केले. नळीतला स्वर क्षणभर थांबला आणि दुप्पट जोराने उसळला. आप्पांनीही पट्टी वाढवली. पलीकडूनही पट्टी वाढली. अखेर आप्पांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा दोन्हीकडे एकदमच शांतता पसरली.

तिसऱ्या दिवशी शेगडी थंड असतानाच तिच्यातून लोबानाचा दाट, गोड धूर बाहेर येऊ लागला. घेतलेला धूर भिंत परत करत होती, तोही सुगंधित करून. अनुराधाने ओवाळणीचे तबक घेऊन कापूर लावला. कापराचा धूर आत गेला. पलीकडे काहीतरी खळकन पडले.

आणि मग नळीतून एका वृद्ध स्त्रीचा आवाज आला. घोगरा, दमलेला आणि चक्क मराठी.

"कोन हायस तू? काय हवाय तुला? सांग नि जा बाबा."

राजनच्या हातातले फळकूट गळून पडले. इंग्रजी असते तर रेडिओ म्हणता आला असता. अरबी असते तर कोणी शेजारी म्हणता आला असता. पण या डोंगरपायथ्याशी मराठी कोण बोलणार? शेजारी म्हणावे तर शुभ्र कंदुऱ्यातला, पायघोळ अरबी अंगरख्यातला, तो खैरुद्दीन, भेटला की "सलाम भाई, सब ठीक?" "बढिया, शुक्रिया" एवढाच व्यवहार, आणि राजन त्याला कराचीचा समजे. तेव्हा मराठी बोलणारी ही जी कोणी होती, ती गावाकडूनच मागे लागून आलेली असणार.

आप्पा मात्र शेगडीजवळ सरकले आणि विनयाने म्हणाले, "बाई, ऊब हवी. दुसरे काही नको."

अनुराधा तबकासकट वर पळाली, आणि राजन जिना चढून थेट अंगणात धावला. त्याच क्षणी शेजारच्या दारातून खैरुद्दीन अनवाणी बाहेर आला.

"भाई, आपके यहाँ कुछ आवाज..." राजनने सुरुवात केली आणि मागे सरताना कुंडीवर आपटला. "आई गं, मेलो."

खैरुद्दीनचे डोळे विस्फारले. "आरं, तू मराठी हास?"

"तुम्ही?"

"मी रत्नागिरीचा. तुला इतकी वर्सं मी गुजराती समजत व्हतो." मग एकदम आवाज खाली आणून तो म्हणाला, "ऐक. आमच्या भिंतीत जिन हाय. आधी नुसता धूर सोडायचा. मंग मोठमोठ्यानं मंतर म्हनायला लागला. मी पठन केलं, लोबान लावला, तरी जात नाय. नि आता अम्मीशी मराठीत बोलतोय."

राजनने आपल्या भिंतीपासून त्याच्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. "खैरुद्दीनभाई, तुमच्या तळघराच्या भिंतीत एक गोल भोक आहे का?"

"हाय की. जाळीवालं."

दोघे गच्चीवर जाऊन पाहून आले. दोन्ही घरांच्या मधून एकच पोकळ खांब वर जात होता आणि गच्चीवर कोणा गवंड्याने त्याच्या तोंडावर फरशी बसवून टाकली होती. एकाचा धूर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा लोबान पहिल्याकडे. एकाने भूत घालवायला जे म्हणावे, तेच दुसऱ्याचे भूत होत होते.

"यल्ला, चल, आधी त्यांना सांगू. घाबरली असतील," खैरुद्दीन म्हणाला. दोघे राजनच्या तळघरात उतरले आणि पायरीवरच थांबले.

"कोकमं आधी भिजत घालावी लागतात, हे मला ठाऊक नव्हते," आप्पा नळीला सांगत होते.

"तुमच्या बायकोनं कधी सांगितलंन नाय?"

"ती सांगत असे. मी ऐकत नसे."

नळीतून हसण्याचा आवाज आला. "माझा म्हातारा पन तसाच."

"आप्पा," राजन पुढे होऊन म्हणाला, "ते भूत नाही. या शेजारच्या..."

"एमानबी. ठाऊक आहे. त्यांनी मघाशीच ओळखले. जिनाला खोकला होत नाही, म्हणाल्या."

"मघाशीच? मग आम्हाला हाक का नाही मारलीत?"

"हाक मारली असती, तर तुम्ही भोक बुजवले असते."

आणि मुलांनी तेच केले, कारण धूर माणसांच्या घरात जाऊ देणे हे पाप होते आणि धोक्याचेही. गच्चीवरची फरशी काढली. खैरुद्दीनकडचे तोंड विटा लावून पक्के लिंपले. संध्याकाळी गच्चीवरून धुराचा निळा स्तंभ डोंगराकडे झुकत गेला. अवनीला फोटो मिळाला. तळघरात ऊब इतकी दाटली, की राजनने शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

आप्पा शेगडीसमोर बसले होते, शाल कानांपर्यंत ओढून. नळी मुकी होती.

"आता बरं वाटतंय ना, आप्पा?"

"शेगडी उत्तम आहे," आप्पा म्हणाले. "थंडी मात्र फार आहे रे. तिकिटाचे काय केलेस?"

दाराची घंटा वाजली. खैरुद्दीन उभा होता, ओशाळलेला.

"राजनभाऊ, कसं सांगू तुला. अम्मी दुपारधरनं जेवली नाय. म्हनते, माझा जिन परत आना."

राजनने मागे वळून पाहिले. आप्पा केव्हाच वर आले होते. शाल जिन्यातच राहिली होती, आणि त्या बर्फासारख्या फरशीवर अनवाणी उभे राहून ते घाईघाईने सदऱ्याची बटणे लावत होते.