देवरेकाकांची आतली भाषा

देवरेकाकांच्या हाती नवी वस्तू पडली की ते ती वापरत नाहीत, उघडतात. आमच्या बिल्डिंगमध्ये नवा मिक्सर लपवूनच आणावा लागतो. “वरचं सोडा हो, आत काय चाललंय ते बघू,” म्हणत ते स्क्रूड्रायव्हर काढतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांचं भाषण लांबलं, तेव्हाही ते हेच म्हणाले. अध्यक्ष अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत.

अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा बनवायला घेतली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे समजताच ते खूश झाले आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

“तुम्ही लिहिलं, दोन अधिक तीन. मशीन ते तसंच चालवत नाही. इंटरप्रिटर, म्हणजे मधला दुभाषी, आधी त्याच्या बारीक बारीक आज्ञा करतो. दोन आण.” त्यांनी ओट्यावर एक ताटली ठेवली. “तीन आण.” तिच्यावर दुसरी. “बेरीज कर. म्हणजे या दोन्ही उचलायच्या आणि उत्तराची एकच ठेवायची. कितीही मोठा प्रोग्रॅम घ्या, आत अशीच चळत.”

“त्या काचेच्या आहेत,” काकू शांतपणे म्हणाल्या आणि चळत उचलून घेऊन गेल्या. काकू सांगलीच्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही.

दिवाळीत त्यांची मुलगी कल्याणी पुण्याहून आली. ती सॉफ्टवेअरमध्येच आहे. मी फराळाचं ताट परत द्यायला गेलो, तेव्हा ती वडिलांची भाषा तपासत होती. तिनं चार ओळी लिहिल्या आणि आतल्या आज्ञा पडद्यावर मागवल्या. लई ये. लई ये. बेरीज कर. ठेवी दे. मांगे जाय. ‘लई ये’ म्हणजे ‘आण’, एवढं मला ताटल्यांवरून कळलं.

“पप्पा, हे अहिराणीत का? इंग्रजी नावं दिली तर लोक वापरतील.”

“लोकांसाठी नाहीये ते.” काका चष्मा पुसत म्हणाले. “आई होती तोवर गावी, देवळ्याला, रोज फोन व्हायचा. ती गेली, मग अहिराणी बोलायला कुणी उरलं नाही. तुझ्या आईला येत नाही, तुला शिकवायचं राहून गेलं. हे चालू केलं की कानावर पडल्यासारखं वाटतं.”

कल्याणीनं खुर्ची पुढे ओढली.

“प्रोग्रॅम संपला की हे काय म्हणतं?”

“काही नाही. नुसतं थांबतं.”

“आजी फोन ठेवताना काय म्हणायची?”

“जेवी ले बेटा.”

तिनं ते टाइप केलं आणि मोठ्यानं वाचलं.

“‘जेवी’ जरा लांबव,” काका म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.