दप्तरगडावरील मोहीम आणि कोशाचा शेवटला शब्द

श्रीशारदेस नमन, वीज अखंड राहो, पडदा उजळ राहो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी आमचे राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी आणि लिहिणाराचा स्वभावही तोच, म्हणोन कोठे कोठे तिखट पडेल, वाचणाराने पाणी जवळ घेऊन बसावे. राज्य कोणते ते पुसू नये. राज्यास तट नाही, बुरूज नाही, काचेची एक उंच इमारत आहे, आणि गळ्यातील पट्टा यंत्रास दाखविल्यावाचून दार उघडत नाही. राज्याचा उद्योग एकच, संगणक म्हणोन जी यंत्रे आहेत त्यांस त्यांचे भाषेत कामे सांगावी आणि त्यांणी ती मुकाट करावी. मुकाट करितात खरी, परंतु सांगितले तेच करितात, मनातले करीत नाहीत, आणि सगळी रड तेथेच आहे.

ते समयी पद्माकरपंत उपळेकर म्हणोन एक कोशकार राज्यात आले. पंतांनी सारी हयात मराठी शब्द वेचण्यात घालविली, शेतातले, भट्टीवरले, दवाखान्यातले, शिव्यासुद्धा, आणि कोश सिद्ध केला. परंतु छापणारे छापखाने बुडाले आणि प्रकाशक फोन उचलीनासे जाहले, तेव्हां कोश यंत्रावर चढवावा, म्हणजे ज्यास पाहिजे त्याने घरबसल्या पाहावा, ऐसे ठरले आणि ते काम रेवती आडारकर यांजकडे आले. रेवतीबाई वयाने लहान, बोलणे कमी, परंतु एकदा खनपटीस बसली म्हणजे यंत्रही कंटाळून कबूल होई, ऐसा तिचा लौकिक. तिणे सारे शब्द यंत्रात भरिले आणि क्रम लाव म्हणोन आज्ञा केली, आणि यंत्राने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच क्रम लाविला, आणि दिवाण भालचंद्रराव सबनीस संतोष पावोन पंतांस पाहणीस बोलाविते जाहले.

आता पंतांचा एक रिवाज होता. कोश कोणाचाही असो, ते शेवटल्या पानाकडून तपाशीत. म्हणत की, सुरुवात सारेच नेटकी करितात, कारागिराने कोठे हात आखडिला ते शेवटास कळते. त्याप्रमाणे त्यांणी शेवटला शब्द दाखवा म्हटले, आणि रेवतीबाईने दाखविला, तो शब्द निघाला ॲस्पिरिन. पंतांनी चष्मा काढिला, पुसिला, पुन्हा लाविला, तरी ॲस्पिरिनच. मग म्हणाले, "जन्मभर खपून कोश केला तो डोकेदुखीच्या गोळीवर संपवितां काय?" दिवाण हसले आणि मग पंत हसत नाहीत ऐसे पाहोन हसू आवरते घेते जाहले.

घडले होते ते ऐसे. आपले वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ, आणि तेथे सीमा, हे बाळबोध लिहिणारास कळते. यंत्रास कळत नाही. यंत्राने प्रत्येक अक्षरास घरक्रमांक दिला आहे आणि तो क्रमांक पाहोन ते रांग लाविते, म्हणोन ळ जाऊन ल चे शेजारी बसला, क्ष तुटोन क मध्ये शिरला, ज्ञ ज मध्ये हरवला, आणि ॲ यास घर उशिरा मिळाले सबब तो गावकुसाबाहेर सर्वांचे शेवटी राहिला. पंतांचा कोश ज्ञेय या शब्दावर संपत होता आणि तो ज्ञेय ज चे गर्दीत कोठे पडला होता तो हुडकावा लागला.

दिवाणांनी सांगितले की हल्ली पाने कोण उलटतो, शब्द टंकावा आणि अर्थ पाहावा, क्रमाची मातब्बरी ती काय, आणि शुक्रवारी दरबार आहे, थोर पाहुणे येणार, कोश उघडणे आहे. पंत आवाज न चढविता बोलिले, "माझा कोश ज्ञेयावर संपतो. तसा संपत नसेल तर तो माझा नव्हे, आणि त्याजवर माझे नाव नको." आणि कोश यंत्रावर चढविण्याची परवानगी पंतांची होती, ती ते परत घेतो म्हणाले. दिवाणही चिडले आणि म्हणाले की, बरे तर, शेजारील राज्याकडे एक तयार कोश आहे, तो आणोन टांगू. येणेप्रमाणे शुक्रवारपावेतो क्रम लागला तर पंतांचे आयुष्याचे काम लोकांपुढे जाणार, न लागला तर ट्रंकेत बंद होणार, आणि पंतांचे वय पाहता ती ट्रंक पुन्हा उघडेल ऐसे कोणास वाटेना. रेवतीबाई इतकेच बोलली की, यंत्राचे भाषेस ही विद्या येत असेल तर दप्तरात लिहिली असेल, आणि लिहिली असेल तर मी ती काढीन, आणि तिणे कंबर कसली.

दप्तर म्हणजे काय ते येथे सांगणे प्राप्त आहे. यंत्राची जी भाषा, तिच्या साऱ्या आज्ञा, त्यांचे अर्थ आणि उदाहरणे जेथे मांडिली आहेत तो अफाट गड, त्यास साहेबी बोलीत डॉक्युमेंटेशन म्हणतात, आम्ही दप्तरगड म्हणतो. बांधणारे विद्वान खरे, परंतु त्यांणी तो स्वतःस वाट ठाऊक आहे ऐसे धरोनच बांधिला. ज्यास नाव ठाऊक त्यास दार उघडते, ज्यास नाव ठाऊक नाही त्याने चारी बाजूंनी फिरावे आणि पाय दुखवून घ्यावे. अहो, नाव ठाऊक असते तर मनुष्य आला असता कशास?

रेवतीबाई प्रथम नवशिक्यांचे दरवाजाने आत शिरली. तेथे मोठा आदरसत्कार. भाषा किती गोड, किती सोपी, आणि पहिले काम काय, तर यंत्राकरवी पडद्यावर जगास नमस्कार करावा. तिणे केला. मग दोन आणि दोन मिळवावे, मिळविले. मग पुन्हा जगास नमस्कार. ऐसी आगतस्वागत होता होता सकाळ गेली आणि क्रमाचे नाव निघेना, तेव्हां ती उठली आणि शोधपट्टीत सॉर्ट ऐसा शब्द टाकिला, कारण क्रम लावणे यास तेथे सॉर्ट म्हणतात. एक भले थोरले पान हाती लागले आणि तिणे वाचोन त्यातील आज्ञा यंत्रास दिली, तो यंत्र म्हणे ऐसी आज्ञाच नाही. पुन्हा वाचिले, पुन्हा दिली, पुन्हा नाही. मग पानाचे माथ्यावर पाहते तो बारीक पिवळी पट्टी, तीत लिहिले की ही आवृत्ती जुनी, नव्या गडावर जावे. म्हणजे दुपारपावेतो ती ओस पडलेल्या गडावर तह करीत बसली होती. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरात लिहिणाराचा हात कोणी धरिला होता ते समजत नाही.

नव्या गडावरील पान खरे होते. त्यात म्हटले की क्रम घरक्रमांकाने लागेल, आणि तो मान्य नसेल तर न्याय आपण सांगावा. न्याय कोठला आणावा याविषयी अक्षर नाही. तेव्हां शेजारचे मेजावरील सरदार ओंकार बोधनकर, जे स्वतः दप्तर कधी वाचीत नसत आणि त्याचा अभिमान बाळगीत, ते म्हणाले की दप्तर कशास वाचतां, चव्हाट्यावर पुसावे. यंत्रवाल्यांचा एक चव्हाटा आहे, तेथे कोणीही प्रश्न टाकावा आणि कोणीही उत्तर द्यावे. रेवतीबाईने प्रश्न टाकिला. एकाने सांगितले की हा पूर्वी पुसला गेला आहे, दुसऱ्याने सांगितले की प्रश्नच चूक आहे, आणि तिसरा भला निघाला, त्याने सांगितले की वर्णमाला आपल्या हाताने यंत्रास लिहोन द्यावी आणि तिजप्रमाणे चाल म्हणावे. तिणे अ पासोन ज्ञ पावेतो लिहोन दिली. परंतु आपणांस क्ष एक अक्षर दिसते, यंत्रास ते क, पाय मोडण्याची खूण आणि ष ऐसे तुकडे दिसतात, म्हणोन क्षमा पुन्हा क मध्येच जाऊन बसली, वर काना, मात्रा, वेलांट्या बेवारशी होवोन जो गोंधळ माजला तो पाहोन बोधनकर चहास निघोन गेले. रेवतीबाईचे डोळे भरोन आले होते हे आम्ही पाहिले. तिणे तोंड धुतले आणि परत येऊन बसली, दुसरे काही केले नाही.

बुधवारी ती पंतांचे घरी गेली. तक्रार सांगावयास नव्हे, पुसावयास गेली की, पंत, आपण कागदाच्या चिठ्ठ्यांवर क्रम लावीत होता तो कैसा लावीत होता? पंतांस प्रश्नाचे नवल वाटले, परंतु आनंदही जाहला, कारण आजवर कोणी पुसले नव्हते. म्हणाले, "अगं, क्रम मी कधी लाविलाच नाही. दोन चिठ्ठ्या हाती घ्यावयाच्या आणि एवढेच पुसावयाचे, या दोघांत आधी कोण. मग पुढल्या दोन. क्रम आपोआप लागतो." आणि त्यांणी केस आणि केळे ऐशा दोन चिठ्ठ्या घेऊन दाखविले की, के सारखा, मग स आणि ळ, ळ मागून येतो, म्हणोन केळे मागे. रेवतीबाई बसल्या जागी म्हणाली की, पंत, मी आजवर चुकीचे नाव घेऊन हाका मारीत होते. चहा तसाच टाकोन निघाली आणि पंतांचे घरी राग धरिला गेला, तो वेगळा.

कारण इतके दिवस ती क्रम, क्रम करीत होती, आणि दप्तरगडावर ती विद्या क्रमाचे नावाने ठेविलीच नव्हती, तुलनेचे नावाने ठेविली होती. तिणे शोधपट्टीत दोन शब्दांची तुलना, म्हणजे कंपेअर, ऐसे टाकिले मात्र, आणि दार उघडले. आत पान होते की निरनिराळ्या मुलखांचे बोलीप्रमाणे दोन शब्दांत आधी कोण याचा निवाडा करणारा एक न्यायाधीश या भाषेत बसविलेला आहे, त्यास बोलीची दोन अक्षरी खूण सांगावी म्हणजे तो त्या बोलीचे रिवाजाने निवाडा देईल. उदाहरणे मात्र सारी जर्मन आणि स्वीडिश लोकांची. मराठीचे नाव नाही. बोधनकर मागे उभे राहोन म्हणाले की आपले कोठले असणार.

मग तिणे विचार केला की लिपी तर देवनागरी, आणि हिंदीची खूण बहुतेकांस ठाऊक, ती देऊन पाहावी. दिली. ॲस्पिरिन गेली आणि शेवटास ह्लाद आला. ह्लाद म्हणजे आनंद, परंतु पंतांस त्याचा आनंद होणार नाही हे तीस कळले, कारण हिंदीचे रिवाजात क्ष क मध्ये आणि ज्ञ ज मध्येच राहतो, आणि आपलेकडे त्यांचा मान शेवटास आहे. तेव्हां मराठीचीच खूण पाहिजे. मराठीची आद्य दोन अक्षरे साहेबी लिपीत एम आणि ए, कोणीही मराठी मनुष्य हेच लिहील, तीही लिहिती जाहली. यंत्राने खूण घेतली, कुरकुर केली नाही, चूक म्हटले नाही, आणि शेवटास पुन्हा ह्लाद. बोधनकर म्हणाले की एम ए ही तर पदवी जाहली, आणि यावरोन सिद्ध होते की भाषेस मराठी येत नाही, आता सोडावे. गुरुवारची दुपार कलली होती आणि दिवाणांनी शेजारील राज्यास निरोप धाडण्याची तयारी चालविली होती.

येथे रेवतीबाईने जे केले ते लिहावयासाठीच आम्ही हे सारे लिहीत आलो. बाकीचे लोक उदाहरण पाहतात, उचलतात आणि पळतात. ती पानाचे माथ्यापासोन निघाली आणि एक ओळ न गाळिता तळास गेली, आणि तळटीपेत हे सापडले की, अनोळखी खूण दिल्यास न्यायाधीश तक्रार करणार नाही, आपल्या मूळ रिवाजाने निवाडा देईल. म्हणजे यंत्र हो म्हणत होते ते समजोन म्हणत नव्हते, भिडेखातर म्हणत होते, जैसे आपले पाहुणे आमटी आवडली म्हणतात. तर मग मराठी येत नाही ऐसे ठरत नव्हते, खूण चूक आहे इतकेच ठरत होते. तळटीपेचे शेजारी एक वाट दुसऱ्या गडाकडे जात होती, तेथे जगातील साऱ्या बोलींच्या खुणा होत्या, आणि मल्याळम, माल्टी ऐसे ओलांडीत ती मराठीपाशी आली, तो खूण एम आणि आर. तिचे पाठीमागे दिवाण येऊन उभे होते, ते म्हणाले, "रेवतीबाई, हे तर मिस्टर जाहले." तिणे मागे न पाहता सांगितले, "असू दे, साहेब. आपलेच मिस्टर आहेत."

आणि तिणे एम आर लिहिले आणि आज्ञा दिली, आणि शेवटले पान उघडिले.

शुक्रवारी दरबार भरला, पाहुणे आले, हार जाहले, दिवाणांनी भाषण केले आणि त्यात दप्तराचा उल्लेख केला नाही. पंतांस पडद्यासमोर बसविले. त्यांणी रिवाजाप्रमाणे शेवटले पान मागितले आणि रेवतीबाईने दिले. पंतांनी बोट पडद्यास लावोन वाचिले, "ज्ञेय. जाणण्याजोगे, जे अद्याप जाणावयाचे राहिले आहे ते." मग त्यांणी मागे जाऊन क्षमा पाहिली, केळे पाहिले, ॲस्पिरिन आपल्या घरी स्वरांत गेली होती ती पाहिली. सभा थांबली होती, दिवाण घड्याळ पाहत होते, परंतु पंतांस घाई नव्हती. मग ते रेवतीबाईस म्हणाले की, मुली, आता पहिले पान दाखव, आणि ज्यांणी जन्मात कोणताही कोश पुढून उघडिला नव्हता ते अ पासोन वाचू लागले.

तात्पर्य मोहिमेचे इतकेच. कोश उघडला, पंतांचे नाव त्याजवर राहिले, शेजारील राज्यास धाडावयाचा निरोप रद्द जाहला. बोधनकर आता दप्तर वाचतात, पण चोरून. आणि रेवतीबाईने पुढील सोमवारी दप्तरगडाचे रखवालदारांस लिहोन कळविले की तुलनेचे पानावर एक उदाहरण मराठीचे घालावे आणि क्रमाचे पानावरोन तेथे यावयास वाट ठेवावी. त्यांणी मान्य केले. ते उदाहरण हल्ली तेथे आहे, जर्मन आणि स्वीडिश यांचे खाली, केस आणि केळे. जो कोणी मागून त्या गडावर चढेल, त्याचे पाय तितके कमी दुखतील. हकीकत सरली, लेखणी पुसोन ठेविली.