खिडकीवर नात दिसेना

"माझ्या नजरेतून सुटणारा गुन्हेगार अजून जन्माला यायचाय," असं हेरकाका स्वतःच सांगत. ग्रंथालयातल्या चाळीस संगणकांची देखभाल हे त्यांचं काम. गुप्तहेरी ही त्यांनी स्वतःला दिलेली बढती. मदतीला सख्खे साडू होते. साडू निमूट सोसत, कारण प्रश्न दोघांच्या सासरवाडीचा होता.

त्या सोमवारी नोंदणीवाल्या बाईंवर बालंट आलं. त्यांच्या टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर नातीचा फोटो असे. पण चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी आपलं नाव घातलं, की नात गायब, पडदा निळाशार आणि निम्मी बटणं मुकी. बाईच सेटिंग बिघडवतात, असं ग्रंथपालसाहेबांनी ठरवलं. निवृत्तीला दोन महिने उरलेले आणि ठपक्याचं पत्र टाइप होत होतं. बाईंनी दुपारी डबासुद्धा उघडला नाही.

हेरकाकांनी संगणकात बाईंच्या नावाला लावलेले सगळे नियम तपासले. कुठेच खोट निघेना. "म्हणजे गुन्हेगार हुशार आहे," ते म्हणाले. आधी संशय व्हायरसवर गेला. मग बोटांना निळी शाई दिसली म्हणून पुस्तकं बांधणाऱ्यावर. शेवटी बाईंच्या जाऊबाईंवर. त्या वर्तमानपत्रांच्या विभागात होत्या आणि त्यांना अजून नातवंड नव्हतं. जाऊबाईंनी हेरकाकांशी बोलणंच टाकलं.

खिडकी पुसता पुसता सफाईवाल्या मावशी साडूंना म्हणाल्या, "तिथे कुणीही बसू दे, पडदा निळाच होतो. परवा साहेब बसले, तर त्यांच्या फोटोतली होडीपण बुडाली."

साडूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही नियम माणसाच्या नावाला चिकटतात आणि त्याच्यामागे फिरतात. काही यंत्राला चिकटतात, समोर कोणीही बसो. त्यांनी खिडकीच्या यंत्राचे नियम उघडले. लोकांसमोरचं यंत्र, म्हणून तिथे जो येईल त्याला साधा पडदा आणि मोजकी बटणं. खाली नियम लावणाऱ्याचं नाव होतं.

हेरकाका ते बराच वेळ वाचत राहिले. नाव त्यांचंच होतं.

"याला मी ओळखतो," ते म्हणाले. "माणूस वाईट नाही."

साहेबांकडे मात्र ते स्वतः गेले आणि पत्र फाडूनच परतले. जाऊबाईंची माफी मागायला त्यांनी साडूंना पाठवलं. नियम योग्यच होता, तो राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीचा फोटो छापून आणला आणि चिकटपट्टीने खिडकीतल्या पडद्याच्या कडेला लावला.

"कडेला कुठलाच नियम लागू होत नाही, बाई. तपासलंय."

मग साडूंकडे वळून हळूच विचारलं, "तपासलंय ना आपण?"