टाकीच्या जागेवरची गुलाबी फडकी

ताईने पाण्याचा रिकामा कॅन नियोजनकाराच्या टेबलावर, मंजुरीसाठी आलेल्या नकाशांच्या बरोब्बर मधोमध ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

"उचल," ती म्हणाली.

"रिकामा आहे गं."

"म्हणूनच रिकामा आणला. भरलेला तुला उचलवला नसता. आता डोळे मीट आणि समज, की हा भरलाय, तू झऱ्यापाशी उभा आहेस आणि समोर चढण आहे."

नियोजनकाराने डोळे मिटले नाहीत, दाराकडे पाहिले. ही साहेबांची थोरली बहीण हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होते, आणि सगळे जण अतिशय मन लावून आपापल्या कागदांत बघत होते. एरवी त्या कागदांच्या नशिबी एवढे लक्ष येत नसे.

तो सगळा प्रदेश संरक्षित होता. म्हणजे डोंगर, दरी, कुरणे, तळे असे जे जे डोळ्यांना सुख देते ते जसेच्या तसे राहावे म्हणून एक खाते होते, त्या खात्याला कार्यालय होते आणि कार्यालयात निसर्गसंपदेचे नियोजन करणारा हा माणूस होता. नोकरीच्या ऐन उमेदीत त्याने एक नियम लिहिला: कड्यावरच्या दर्शनबिंदूवरून जे दृश्य दिसते, त्यात नवे काहीही दिसता कामा नये. नियम चांगलाच होता. त्याने एक हॉटेल अडवले, एका बड्या आसामीचा बंगला अडवला. लोक याला 'नजरसाहेब' म्हणू लागले, आणि वरवर नाक मुरडले तरी त्याला ते आतून आवडे. जमेची बाजू ही अशी घसघशीत. खर्चाच्या बाजूला फक्त ताई होती. तिची वस्ती त्याच कड्याच्या पायथ्याशी, आणि वस्तीच्या पाण्याची टाकी बसेल असा उंचवटा तिथे एकच. टाकीला पैसे मंजूर होते. पाइप येऊन रस्त्याकडेला पडले होते आणि त्यांत सरड्यांचे संसार थाटले गेले होते. अडचण एवढीच, की टाकी कड्यावरून दिसणार होती.

"दाजींच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना तांब्याही उचलवत नाही," ताई म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. शेजारची दोन घरं कुलपं लावून शहरात गेली. टाकी झाली नाही तर आम्हीही निघालो."

"कुठं?"

"तुझ्याकडं. दुसरं कोण आहे? बायकोला सांगून ठेव."

नियोजनकाराच्या घरात खोल्या दोन होत्या आणि दाजींचे घोरणे चार खोल्यांचे होते. त्याने नकाशा कॅनखालून ओढून काढला.

"नियम मोडता येणार नाही, ताई."

"मोड म्हणतंय कोण? माणसाच्या घशाकडं बघ आणि मग तो नियम वाच, एवढंच."

त्याने वाचला. रात्री नव्हे, भर दुपारी, तिच्यासमोर वाचला, आणि त्याला एक कायदेशीर फट सापडली. नवे बांधकाम दृश्यात बोचते की नाही, हे समितीने स्वतः दर्शनबिंदूवर उभे राहून ठरवावे, असे पोटनियमात होते. त्यासाठी या धंद्यात एक पद्धत असते. जिथे बांधकाम होणार त्या जागी त्याच्या उंचीच्या काठ्या पुरायच्या, काठ्यांना फडकी बांधायची, म्हणजे न बांधलेली इमारत लांबून डोळ्यांना दिसते. टाकी एवढ्या लांबून काडेपेटीहून मोठी दिसणार नव्हती. समितीने काडेपेटी बघावी, मान डोलवावी आणि चहा पिऊन जावे, असा साधा हिशेब होता.

फडकी मात्र भडक हवीत, नाहीतर समितीला काठ्याच दिसायच्या नाहीत. कापडवाल्याकडे भडक म्हणावे असे एकच कापड उरले होते. गुलाबी, आणि तेही असे की बघणाऱ्याचे दात आंबावेत.

"दुसरा रंग नाही?"

"साहेब, हा रंग तुमच्या खात्यासाठीच थांबलाय बघा. तीन वर्षं कुणी हात लावला नाही."

काठ्या उभ्या राहिल्या. वस्तीतल्या बायका उंचवट्यावर येऊन त्या रिकाम्या चौकोनाभोवती फिरल्या. ताईने तर मधल्या हवेला हात लावून बघितला. पाहणी होण्याआधी वाऱ्याने किंवा गुरांनी घोटाळा करू नये म्हणून नियोजनकाराने कडक आदेश काढला: समितीची पाहणी पूर्ण होईपर्यंत या काठ्यांना जो हात लावील त्याच्यावर कारवाई होईल. खाली सही ठोकली. सही करताना त्याला फार बरे वाटले.

समिती आली त्या दिवशी कड्यावर असे धुके होते की अध्यक्षांना स्वतःचे बूट दिसत नव्हते. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ होते. गळ्यात दुर्बीण आणि बोलण्यात घाई नाही.

"कुठं आहे तुमची टाकी?"

"समोरच, साहेब. जरा खालच्या अंगाला."

"मला तर दरीही दिसत नाही."

जीपचा ड्रायव्हर मागून पुटपुटला, "काहीच दिसत नाही ना? मग मंजूर करून टाका की. नियमात तेच तर लिहिलंय."

त्या दिवशी कड्यावर यापेक्षा मुद्द्याचे कोणी बोलले नाही, म्हणून ते टिपणात आले नाही.

"धुक्यात डोंगरही दिसत नव्हता," अध्यक्ष जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "म्हणून डोंगर नाही असं कसं लिहिणार? पुढच्या बैठकीला बघू."

पुढची बैठक म्हणजे बऱ्याच महिन्यांनी. आदेशाप्रमाणे काठ्या तोवर जागच्या जागी राहिल्या, आणि धुके मात्र दुसऱ्याच दिवशी निघून गेले. मग एक नवे लग्न झालेले जोडपे फोटो काढायला कड्यावर आले. मागे हिरवीगार दरी आणि दरीच्या तोंडाशी फडफडणारे गुलाबी चौकोन. फोटो लोकांच्या मोबाइलमधून गावोगाव फिरला. त्याच्या मागोमाग माणसे आली. आधी तरुण, मग तरुणांच्या आया, मग सहलीच्या बसगाड्या. 'गुलाबी वारा बघायला चाललो' असे लोक म्हणू लागले. तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली. कार्यालयातही भाषा बदलली. फडक्यांच्या पताका झाल्या.

संचालकबाईंनी नियोजनकाराला केबिनमध्ये बोलावून मिठाईच्या बॉक्सकडे बोट केले. "घ्या. मला वाटायचं तुम्ही फक्त नाही म्हणता. तुमच्यात कलावंत आहे हो!"

"बाई, त्या टाकीच्या खुणा आहेत."

"असू देत. कलावंताला स्वतःला कुठं कळतं?"

अशात फोटोचा आठवडा उजाडला. हेही त्याचेच काम, त्यानेच घालून दिलेले. दर वर्षी ठरलेल्या आठवड्यात, दर्शनबिंदूवरच्या लोखंडी खुंटीवर कॅमेरा ठेवून समोरच्या दृश्याचा एक फोटो काढायचा. त्या फोटोत जे असेल ते त्या वर्षापासून 'मूळ दृश्य', आणि मूळ दृश्याला धक्का लावायचा नाही. पूर्वी एकाने डोंगर खरवडून 'हा आधीपासून असाच होता' अशी थाप मारली होती, तेव्हापासूनचा हा बंदोबस्त. फोटोवर टीप लिहायलाही मनाई होती. टीप लिहायला दिली की लोक तिच्यात बंगले बांधतात, असा त्याचाच अनुभव.

आणि या वर्षी त्या फोटोत पताका येणार होत्या. त्याने संचालकबाईंना फोन लावला.

"बाई, फोटोपुरत्या काठ्या काढून ठेवतो."

"हात लावणाऱ्यावर कारवाई आहे ना? आदेश कुणाचा?"

"माझाच."

"मग?"

"मग फोटो महिनाभर पुढं ढकलतो."

"आठवडा ठरलेला आहे ना? नियम कुणाचा?"

पलीकडून फोन ठेवला गेला. स्वतः विणलेल्या जाळ्यात माणूस सापडला, की ओरडायचीही सोय राहत नाही. जाळे उत्तम विणले आहे अशी पावतीच मिळते. शेवटी त्याने फोटो काढला. एका फोटोकडे कोण एवढे निरखून बघतो, अशी मनाची समजूत घातली.

अध्यक्षांनी निरखून बघितले. ते निवृत्त होते, त्यांना दुसरे काम नव्हते.

दुसऱ्या पाहणीचा दिवस काचेसारखा स्वच्छ होता. वस्तीतली माणसे खाली उंचवट्याजवळ उभी राहून वर बघत होती. वरून ती मुंग्यांएवढी दिसत होती, आणि त्यातली ताई कोण हे नियोजनकाराला न सांगता कळत होते. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

अध्यक्षांनी एका हातात फोटो धरला, दुसऱ्या हाताने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"टाकी नेमकी कुठं येणार?"

"त्या पताका आहेत ना, तिथंच. काडेपेटीएवढी तर दिसेल."

"म्हणजे पताका जाणार."

"जाणारच की, साहेब. त्या टाकीसाठीच लावल्यात!"

"पण मूळ दृश्यात पताका आहेत आणि टाकी नाही." अध्यक्षांनी फोटो त्याच्यापुढे धरला. "हा तुम्हीच काढलाय ना? छान आलाय."

"साहेब, ऐका माझं. त्या पताका म्हणजेच टाकी आहे. टाकी कशी दिसेल ते दाखवायला उभ्या केल्यात."

"हो, आणि फार सुंदर दाखवलीत," अध्यक्ष मनापासून म्हणाले. "एवढी सुंदर टाकी पाडून तिथं सिमेंटची बांधायची म्हणजे जिवावर येतं."

"खाली माणसं राहतात. त्यांना पाणी नाही."

अध्यक्षांनी दुर्बीण खाली केली. ते दुष्ट नव्हते. त्यांचा चेहरा खरोखरच कळवळला. "वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण तुमच्याच नियमाला आम्ही सुरुंग लावला, तर उद्या हॉटेलवाला येईल. त्याला काय सांगणार तुम्ही?"

वीस वर्षे नियोजनकार लोकांना हेच सांगत आला होता, आणि याच आवाजात.

टाकी नामंजूर झाली. ताईने फोनवर सगळे ऐकून घेतले. ती रागावेल म्हणून त्याने पुढची वाक्ये जुळवून ठेवली होती. पण ती एवढेच म्हणाली, "बरं. तुझं जेवण झालं का?" त्यामुळे त्याला दोन दिवस जेवण गेले नाही.

पताका आता खात्याची मालमत्ता झाल्या, तेव्हा त्यांची निगा आली. कापड धुळीने मळायचे, कड्यावरचे लोक तक्रार करायचे. झऱ्यावर कपडे धुवायला बंदी होती, साबणाने पाणी खराब होते म्हणून. तेव्हा संचालकबाईंनी ठरवले, की बाहेरून पाण्याचा टँकर मागवायचा. कड्यावरचा पहारेकरी दुर्बिणीतून बघेल आणि पताका मळक्या दिसल्या की टँकर सोडायचा.

"टँकर तिथवर जाणारच आहे, तर वस्तीला पण पाणी..." नियोजनकाराने सुरुवात केली.

"वस्तीला पाणी देणं आपल्या खात्याचं काम नाही. पताका आपल्या आहेत." बाईंनी कागद पुढे सरकवला. "धुवायला तिथलीच एखादी बाई बघा. गरजू असेल अशी."

ते काम ताईला मिळाले. नियोजनकाराने सही केली आणि त्यानंतर वस्तीकडे जायचे टाळले. कधी मीटिंग, कधी अंगात कणकण. दाजी आणि ताई सामान घेऊन येणार, या भीतीने त्याच्या बायकोने आतली खोली आवरून ठेवली होती. पण आठवडे गेले, महिने गेले, ती दोघे काही आली नाहीत. उलट, शहरात गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आले, असे ड्रायव्हरने सांगितले. याचा अर्थ नियोजनकाराला लागेना. त्यातच एक दिवस संचालकबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या भागात धूळ फार वाढलीय का हो? पताका सारख्या मळतात. टँकरच्या फेऱ्या बघा केवढ्या झाल्या. जाऊन या एकदा."

तो गेला. वस्तीत शिरताना त्याला घरोघरी दाराशी पिंप दिसले. पिंपांवर झाकणे, झाकणांवर उपडे तांबे. दाजी ओसरीवर बसून, कोणी बघत नसल्यासारखे, चक्क पाय धूत होते. धूळ मात्र कुठेच नव्हती. सगळीकडे वाऱ्याने झाडून काढल्यासारखे लख्ख.

ताई उंचवट्यावर होती. पदर खोचलेला, समोर घमेले, घमेल्यात कालवलेला चिखल. काठीवरचे फडके एका हाताने ताणून धरून ती दुसऱ्या हाताने त्यावर चिखल थापत होती. गाल लिंपावेत इतक्या हळुवारपणे.

"ताई! काय करतेस?"

ती दचकली नाही. "काय करते म्हणजे? परवाच धुतलीत."

"मग?"

"मग काय? मळतच नाहीत रे मेली! वारा सारखा झटकत असतो. आपोआप मळायची वाट बघत बसलो, तर दोन महिने टँकर यायचा नाही." तिने बोटांवरचा चिखल कडेला निपटला. "पोरांना सांगितलं तर ती फार करतात. मागच्या वेळी हाताचे पंजेच उमटवून ठेवले. वरून संशय आला असता. म्हणून मीच करते. सकाळी एक, संध्याकाळी एक. हळूहळू मळल्यासारखं दिसायला हवं ना?"

खात्याच्या मालमत्तेची ही उघड नासाडी होती. असे करणाऱ्यावर काय कारवाई करायची ते नियोजनकाराला तोंडपाठ होते. त्यातली बरीचशी कलमे त्याच्याच हातची होती. त्याने वर कड्याकडे पाहिले. तिथे दर्शनबिंदूच्या कठड्याशी माणसांची ठिपक्यांएवढी रांग होती, आणि एक ठिपका दुर्बीण लावून असणार. त्याने सवयीने डोळे बारीक केले. उन्हाचा कोन पाहिला, वाऱ्याची दिशा पाहिली, खालच्या काठीपासून कड्यापर्यंत नजरेची एक रेघ ओढली.

"हे नको," तो शेवटी म्हणाला. "हे फडकं वरून दिसतच नाही. मधे ते झाड येतं. फुकट जातोय तुझा चिखल."

"मग कुठलं?"

"पलीकडच्या कोपऱ्यातलं घे. आणि खालच्या कडेला नको थापू. वरच्या टोकाला लाव. दुपारचं ऊन तिथंच पडतं. टँकर उद्याच येईल."

ताईने कोपऱ्यातल्या काठीकडे मान वर करून पाहिले, मग भावाकडे पाहिले, आणि घमेले त्याच्यापुढे सरकवले.

"तिथं माझा हात नाही पोचत," ती म्हणाली. "उंच तू आहेस."

नजरसाहेबांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले आणि बाह्या वर केल्या.