केरीतली एक खोली

मुकुंदबाब परब रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून सोप्यावर उभे राहतात आणि एका रिसॉर्ट कंपनीची नियमपुस्तिका मोठ्याने वाचतात. बसून नाही, उभ्याने. पाववाल्या पोदेराची सायकल भोंगा वाजवत दारात येते तेव्हा ते साधारण सातव्या कलमावर असतात. "सदस्य आपल्या सोयीनुसार कधीही, कोणत्याही केंद्रात..." इथं ते थांबतात, पाव घेतात, पैसे देतात आणि पुढचं वाचतात. साखळी गावात आमच्या वाड्यावरच्या पोरांना पाढे येत नसतील, पण सातवं कलम येतं.

मी त्यांचा शेजारी. शाळेतून निवृत्त झालो तरी त्यांच्यासाठी मास्तरच. मुकुंदबाबांनी सगळी नोकरी खाणीच्या वजनकाट्यावर केली. ट्रक काट्यावर चढला की आकडा स्थिर होईपर्यंत ते श्वास धरून उभे राहत, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. छापील कागदावर त्यांचा देवाइतका विश्वास. "छापलंय म्हणजे आसा," हे त्यांचं पालुपद.

हे सदस्यत्व त्यांनी पणजीच्या एका हॉटेलात घेतलं. इस्त्री बक्षीस लागली आहे, नवराबायकोने येऊन घेऊन जा, असा फोन आला होता. शैलावैनी गेल्या नाहीत, हे एकटेच गेले. तिथं टाय लावलेल्या एका माणसाने दोन तास बर्फाचे डोंगर दाखवले. मुकुंदबाबांनी एकच प्रश्न विचारला, "केरी मिळेल?"

केरी म्हणजे पेडण्याच्या टोकाचं, तेरेखोलच्या अलीकडचं गाव. कंपनीचं एक रिसॉर्ट तिथं आहे. "केरीच काय, कुठलंही घ्या. आमची योजना एकदम लवचिक," तो म्हणाला. मुकुंदबाबांनी सही केली.

वाडा खूप हसला. साखळीहून सकाळी केरीला गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. तिथं राहायला जाण्यासाठी सभासद होणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. आणि एवढं करून केरी मिळत होती कुठं? मुकुंदबाब फोन स्पीकरवर टाकून बोलत, त्यामुळे सगळी बोलणी मला माझ्या ओसरीवर ऐकू येत.

"सर, डिसेंबर तुमच्या हंगामात बसत नाही."

"मग फेब्रुवारी?"

"फुल्ल आहे सर. मनालीत जागा आहे."

"मनालीत माझं कोण आसा?"

नव्वद दिवस आधी मागितलं तर नोंदणी सुरू झालेली नसे. एकोणनव्वदाव्या दिवशी सगळं भरलेलं असे. अशी चार वर्षं गेली. "आमी लवचिक, मास्तर," ते मला म्हणत. "ते लोखंड."

याच्यात एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. फोनवर केरीचं नाव निघालं की शैलावैनी हातातलं काम टाकून आत जात. एकदा माझ्यासमोरच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला कुठंही न्या. तिथं नेऊ नका." आवाज चढवला नव्हता. मुकुंदबाबांनी पुस्तिका मिटली, आणि दुसऱ्या दिवशी परत उघडली.

गेल्या जुलैत केरीची एक रात्र मिळाली. संदेश त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "गाडी तुमची. तिला सांगितलंय, पेडण्याला भगवतीच्या दर्शनाला जातोय."

दर्शन खरोखरच झालं. पण देवळातून निघाल्यावर मी गाडी हरमलच्या दिशेला घेतली आणि मागच्या सीटवरचं बोलणं बंद पडलं. पालये मागं पडलं तेव्हा वैनी म्हणाल्या, "मास्तर, गाडी फिरवा."

"फिरवू नका," मुकुंदबाब माझ्या शेजारून म्हणाले. मान मागं वळवली नाही.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. वायपर चालू होता. नवराबायकोच्या मध्ये बसण्याइतकं वाईट काम नाही. मी आरशात बघितलं, वैनींनी डोळे मिटले होते. मुकुंदबाब म्हणाले, "खोली तुझ्या नावावर घेतलीय, शैला."

वैनींनी डोळे उघडले. मी गाडी पुढं काढली.

रिसॉर्टच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने संगणकात बघितलं, आणखी एकदा बघितलं. "सर, तुमच्या खोलीत पाणी गळतंय. तुमची सोय कांदोळीच्या हॉटेलात केलीय. सकाळी संदेश पाठवला होता."

मुकुंदबाब काउंटरजवळ सरकले. त्यांनी पुस्तिका काढली नाही, पाठच होती. सातवं कलम म्हटलं, नववं म्हटलं. अकरावंही म्हटलं. ती मुलगी "माझ्या हातात नाही" म्हणत राहिली. मॅनेजर बाहेर आला, त्यानं अठरावं कलम दाखवलं: कंपनीला बदलाचा अधिकार आहे. तेही छापलेलंच होतं. मुकुंदबाब त्या ओळीकडे बघत राहिले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "मुकुंदबाब, दुसरीकडे जाऊ. कशाला एवढं?"

तेव्हा ते बोलले. "ही जागा तिच्या बापाची, मास्तर. घर इथंच होतं. भावांनी विकायला काढली तेव्हा तिचीही सही लागत होती. ती करी ना. मीच म्हटलं, कर, भावांशी वाद कशाला. तिनं केली. मग विचारलं, आता मला केरीत उतरायला जागा खंयची?"

आम्ही वळलो तर वैनी खुर्चीवर नव्हत्या. काउंटरपाशी उभ्या होत्या.

"स्वयंपाकघराच्या मागं पाण्याची एक बाव होती," त्या मुलीला विचारत होत्या. "बुजवली?"

"नाही मावशी, आहे. जाळी घातलीय. तुम्हाला कसं माहीत? तुम्ही खंयच्या?"

"हयची," वैनी म्हणाल्या.

मुलगी शेजारच्या पालयेची होती. तिनं वैनींकडे बघितलं, मग मॅनेजरला आत घेऊन गेली. आतलं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. परत आली ती किल्ली घेऊनच. "मागची एक खोली आहे. समुद्र दिसत नाही म्हणून पाहुण्यांना देत नाही. खिडकीतून नुसती बाव दिसते. चालेल?"

मुकुंदबाबांनी किल्ली घेतली आणि बायकोच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी अकराला मी त्यांना आणायला गेलो. खोलीचं दार उघडं होतं. वैनी अनवाणी बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या, केस मोकळे, स्वयंपाकघरातल्या एका बाईशी गप्पा चाललेल्या. इतक्या वर्षांत साखळीत त्यांच्या तोंडून मी कधी पेडण्याची बोली ऐकली नव्हती. मला बघून त्या उठल्या.

"इलात? बसा. चाय घेतल्याशिवाय जावचा नाय," त्या म्हणाल्या, आणि चहा सांगायला आत गेल्या.

मुकुंदबाब खोलीत खुर्चीवर बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, इस्त्रीचा सदरा. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेला जावई बसतो तसे.